संध्याकाळची तूट आधी तासांत मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रादेशिक ग्रिडची कमाल मागणी १०,००० मेगावॅटच्या आसपास आहे. दुपारी सौर वीज इतकी येते की काही प्रकल्पांना उत्पादन कमी करायला सांगावं लागतं, आणि दिवस मावळला की १,२०० मेगावॅटची तूट पडते. मागणी दरवर्षी साधारण ६ टक्क्यांनी वाढते आहे. अशा वेळी १,२०० मेगावॅटचं नवं औष्णिक केंद्र उभारावं, तेवढ्याच क्षमतेची बॅटरी घ्यावी, की पंप्ड स्टोरेज, म्हणजे जास्तीच्या विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवून नंतर ते खाली सोडून वीज काढणारा प्रकल्प, हाती घ्यावं?

१,२०० मेगावॅट या एका आकड्यावरून यातला कोणताच निर्णय घेता येणार नाही. ती तूट किती वाजता सुरू होते, किती वेळ टिकते आणि वर्षातले किती दिवस पडते हे हातात आलं की अर्धं उत्तर तिथेच मिळतं. माझी पहिली बरीच वर्षं भारप्रेषण केंद्राच्या, म्हणजे ग्रिडमधली मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवणाऱ्या कक्षाच्या, पाळ्यांमध्ये गेली आणि पुढची नियोजनात. चुकलेले निर्णय मी दोन्हीकडे पाहिले आहेत, आणि त्यांतले बहुतेक मेगावॅटच्या भाषेत बोलून मेगावॅट-तास विसरल्यामुळे चुकले होते.

मेगावॅट म्हणजे नळाची जाडी, मेगावॅट-तास म्हणजे टाकीतलं पाणी. औष्णिक संचाला कोळसा मिळत राहिला तर टाकी संपत नाही, म्हणून तिथे नळाच्या जाडीवर काम भागतं. साठवणुकीचं तसं नाही. १०० मेगावॅटची बॅटरी एका तासाचीही असू शकते आणि आठ तासांचीही. एका निविदेत क्षमता फक्त मेगावॅटमध्ये लिहिली होती, किती तास ते लिहिलंच नव्हतं. सर्वांत कमी दर आला तो अर्थातच सर्वांत लहान टाकीचा. फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं; पुरवठा कमी पडला की ती घसरते) सावरायला ती यंत्रणा उत्तम होती; संध्याकाळची तूट भरायला तिचा उपयोग झाला नाही, कारण पाऊण तासात ती रिकामी व्हायची.

आता तुमचीच तूट उदाहरणादाखल अर्ध्या-अर्ध्या तासांत मांडते. आकडे मी धरलेले आहेत, पण असा आकार मी अनेक ग्रिडवर पाहिला आहे. साडेसहाच्या अर्ध्या तासात ३०० मेगावॅट, सातला ९००, साडेसात आणि आठला प्रत्येकी १,२००, साडेआठला १,१००, नऊला ९००, साडेनऊला ७००, दहाला ४००, साडेदहाला २००, आणि अकराला शून्य. बेरीज करून निम्मी केली की ३,४५० मेगावॅट-तास येतात. म्हणजे १,२०० मेगावॅटच्या हिशेबाने तीन तासांनाही जरा कमीच.

पण खरी गंमत ही बेरीज आडव्या थरांत कापली की दिसते. तुटीचा सगळ्यात वरचा, म्हणजे ९०० च्या वरचा ३०० मेगावॅटचा थर घ्या. तो फक्त दीड तास दिसतो आणि त्यात ४०० मेगावॅट-तास आहेत. ३०० मेगावॅटची, जेमतेम १ तास २० मिनिटांची बॅटरी तो अख्खा खाऊन टाकते. त्याखालचा, ६०० ते ९०० मधला थर ८०० मेगावॅट-तासांचा. त्याला २ तास ४० मिनिटं हवीत. त्याखालचा ९५० चा, त्याला सव्वातीन तासांच्या जवळपास. आणि अगदी तळाचा, शून्य ते ३०० चा थर १,३०० मेगावॅट-तासांचा, त्याला ४ तास २० मिनिटं. चारही थर ३०० मेगावॅटचेच, पण तळाच्या थराला माथ्याच्या तिपटीहून जास्त साठा लागतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, साठवणुकीचे सुरुवातीचे मेगावॅट सर्वांत स्वस्तात सर्वांत जास्त काम करतात. दुसरी, जसजशी साठवण वाढवत जाल तसतसं प्रत्येक पुढच्या मेगावॅटला जास्त तास लागतात, कारण टोक कापलं की उरलेली टेकडी रुंद आणि सपाट होते. 'पहिल्या ३०० मेगावॅटने इतकं भागलं, म्हणजे चौपट घेतल्यावर चौपट भागेल' हा हिशेब म्हणूनच चुकतो. पहिली बॅटरी यशस्वी झाल्यावर तीच निविदा तशीच पुन्हा काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरावा.

एक गोष्ट मात्र उलट दिशेनेही काम करते. सौर वीज वाढली की निव्वळ मागणीची, म्हणजे एकूण मागणीतून सौर आणि पवन वजा केल्यावर उरते तिची, संध्याकाळची टेकडी अरुंद होते आणि चढ तीव्र होतो. अरुंद टेकडी बॅटरीला सोयीची. कॅलिफोर्नियात हे घडताना जगाने पाहिलं. १४ आणि १५ ऑगस्ट २०२० ला तिथे उष्णतेच्या लाटेत आळीपाळीने वीज कापावी लागली, आणि ती वेळ दुपारच्या कमाल मागणीची नव्हती. सूर्य उतरताना पंखे आणि वातानुकूलन यंत्रं चालूच होती तेव्हाची ती तूट होती. त्या वर्षी तिथे बॅटऱ्या ५०० मेगावॅटच्या आसपास होत्या. २०२४ मध्ये त्यांनी १०,००० मेगावॅटचा टप्पा ओलांडला, आणि त्या बहुतेक चार तासांच्या आहेत. चार तास हा आकडा आकाशातून पडलेला नाही, तो त्यांच्या टेकडीच्या रुंदीवरून आला. तुमच्या टेकडीची रुंदी वेगळी असेल तर तुमचा आकडा वेगळा असायला हवा.

तुमच्या ३,४५० मेगावॅट-तासांसाठी नेमकं ३,४५० घेऊन चालणार नाही. बॅटरीची क्षमता वापरागणिक घटते, पहिल्या काही वर्षांत जरा वेगाने, मग संथपणे. तिला थंड ठेवायला वीज लागते. आणि ज्या दिवशी अंदाज चुकेल त्या दिवसासाठी हातात काही राखून ठेवावं लागतं.

एका उन्हाळ्यातली संध्याकाळ मला अजून स्वच्छ आठवते. कमाल मागणी साडेसातला येईल आणि नऊनंतर उतरेल असा अंदाज होता. सव्वासहालाच फ्रिक्वेन्सी खाली रेंगाळू लागली, म्हणून बॅटरी पूर्ण ताकदीने सोडली. ती रात्र तापलेलीच राहिली. नऊ वाजून गेले तरी मागणी उतरेना, आणि पडद्यावर बॅटरीचा चार्ज ७ टक्के दिसत होता. फीडर, म्हणजे वस्तीला वीज देणारी वाहिनी, बंद करण्याचा आदेश मी स्वतः दिला. त्या वस्तीतले लोक दिवसभर उन्हात काम करून घरी आलेले होते हे मला माहीत होतं. बॅटरीत बिघाड काहीच नव्हता. ती कधी आणि किती सोडायची याचा नियम आमच्याकडे नव्हता. त्या दिवसापासून मी प्रत्येक ठिकाणी आग्रह धरते की वेळेनुसार किमान चार्ज लिहून ठेवलेला असावा: आठ वाजता इतका, नऊ वाजता इतका. आणि तो पाळीवरच्या माणसाच्या समोर भिंतीवर असावा.

आता ही बॅटरी भरायची कशाने? ३,४५० मेगावॅट-तास बाहेर काढायचे तर लिथियम बॅटरीत ये-जा मिळून साधारण १० ते १५ टक्के वीज खर्ची पडते, म्हणजे ४,००० च्या आसपास आत घालावे लागतील. दुपारच्या पाच तासांत सरासरी ८०० मेगावॅट. उन्हाळ्यात तुमच्याकडे तेवढी वाया जाणारी सौर वीज असेल. पण आभाळ भरलेल्या आठवड्यात असेल का? तेव्हा बॅटरी रात्री औष्णिक विजेवर भरावी लागेल, आणि ती वीज त्या रात्री शिल्लक असली पाहिजे. साठवण वीज निर्माण करत नाही. उलट प्रत्येक फेरीत थोडी खाते. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण आराखड्याच्या तक्त्यात साठवणुकीचे मेगावॅट निर्मितीच्या रकान्यात बेरजेला घेतलेले मी कितीदा तरी पाहिले आहेत.

म्हणून निर्मितीचा हिशेब वेगळा, आणि तो वर्षाच्या युनिटांत करायचा. १०,००० मेगावॅट कमाल मागणी आणि ६५ टक्के भारांक (सरासरी मागणीचं कमाल मागणीशी प्रमाण) धरला तर वर्षाला सुमारे ५,७०० कोटी युनिट लागतात. ६ टक्के वाढ म्हणजे पुढच्या वर्षी ३४० कोटी युनिट जास्त. एक मेगावॅट सौर प्रकल्प २२ टक्के वापरांकाने (पूर्ण क्षमतेच्या तुलनेत प्रत्यक्ष उत्पादन) वर्षाला १९ लाखांच्या वर युनिट देतो. केवळ वाढलेली ऊर्जा सौर मार्गाने भागवायची तर दरवर्षी साडेसतराशे मेगावॅटच्या आसपास नवे प्रकल्प हवेत. तोच वेग राहिला तर बारा वर्षांत मागणी दुप्पट होते. हे आकडे समोर ठेवले की 'सौर पुरे झाली, आता फक्त बॅटरी' असं कुणी म्हणत नाही. पवन ऊर्जेला इथे मी विशेष महत्त्व देते, कारण अनेक प्रदेशांत वारा संध्याकाळी आणि रात्री, आणि नेमका सूर्य झाकलेल्या महिन्यांत जोर धरतो. संध्याकाळी वाऱ्याने दिलेला मेगावॅट-तास साठवावा लागत नाही.

औष्णिक केंद्राबद्दल लोक दोन टोकांची मतं देतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोळशाचा संच संध्याकाळी साडेचार तासांसाठी सुरू करून रात्री बंद करता येत नाही. थंड संच सुरू व्हायला कित्येक तास जातात आणि प्रत्येक चालू-बंदमध्ये बॉयलरच्या नळ्या आणि टर्बाइनचे धातू थकतात. त्यामुळे संध्याकाळसाठी तो दुपारीही किमान भारावर चालत ठेवावा लागतो. हा किमान भार ५५ टक्के धरला तर १,२०० मेगावॅटचं नवं केंद्र दुपारी ६६० मेगावॅट ढकलत राहील, म्हणजे आधीच वाया जाणाऱ्या सौर विजेत तेवढीच भर पडेल. तुटीवर औषध घेतलं आणि दुसरं दुखणं वाढवलं. शिवाय असं केंद्र उभं राहायला चार ते सहा वर्षं जातात. तुमची तूट आजची आहे.

पण याचा अर्थ आहेत ते संच मोडीत काढा असा घेऊ नका. दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं, वारा पडलेला आणि मागणी चढलेली, अशी वेळ प्रत्येक ग्रिडवर येते. उत्तर युरोपात हिवाळ्यात ती नियमाने येते. चार तासांची बॅटरी तिथे पहिल्या संध्याकाळी उपयोगी पडते, दुसऱ्या दिवशी ती भरायलाच वीज नसते. अशा दिवसांसाठी जुने संच कमी तास चालणारी राखीव ताकद म्हणून सांभाळावेत, त्यांचा किमान भार ४० टक्क्यांपर्यंत खाली आणण्याच्या सुधारणा कराव्यात आणि त्यांना युनिटांवर अवलंबून न ठेवता तयार राहण्याचे पैसे द्यावेत. वर्षात ५०० तास चालणारं केंद्र युनिटच्या दराने कधीच तग धरणार नाही.

आणि 'खात्रीची' म्हटलेली ताकद खरंच खात्रीची आहे का, हेही तपासून घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली तेव्हा वायूच्या विहिरी, नळवाहिन्या आणि केंद्रांची उपकरणं एकाच वेळी गोठली. सर्वच प्रकारचे संच बाद झाले, त्यांत वायूवर चालणारे सर्वाधिक. सुमारे २०,००० मेगावॅट मागणी कापावी लागली आणि ६० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी ५९.३ पर्यंत घसरली. आणखी काही मिनिटं ती तशीच राहिली असती तर संपूर्ण ग्रिड कोसळण्याचा धोका होता. दहा वेगवेगळी केंद्रं कागदावर एकमेकांना आधार देतात, पण ती सगळी एकाच नळवाहिनीवर असतील तर ते एकच केंद्र आहे असं समजून आराखडा करावा.

पंप्ड स्टोरेजकडे वळते. माझा कल त्याच्या बाजूने आहे हे आधीच सांगून टाकते. वेल्समधलं डिनॉर्विग १९८४ पासून चालू आहे, १,७२८ मेगावॅटचं. पाणी न सोडता नुसते हवेत फिरत ठेवलेले त्याचे संच काही सेकंदांत हजाराच्या वर मेगावॅट उचलतात. व्हर्जिनियातलं बाथ काउंटी १९८५ चं, ३,००० मेगावॅटचं, आणि साठा २४,००० मेगावॅट-तासांच्या घरात. चाळीस वर्षांनी ही केंद्रं अजून भक्कम आहेत. तेवढ्या काळात बॅटरी किमान दोनदा बदलावी लागेल. पाणी किती लागतं याचा अंदाज असावा म्हणून: ३०० मीटर उंचीवरून पडणाऱ्या एका घनमीटर पाण्यातून पाऊण युनिटला जरा कमी वीज मिळते. ५०० मेगावॅट, आठ तास, म्हणजे ४,००० मेगावॅट-तासांसाठी सुमारे ५४ लाख घनमीटर पाणी वर-खाली करावं लागेल. हा जलाशय ५४ हेक्टरांचा आणि दहा मीटर वापरता येण्याजोग्या खोलीचा झाला. नदी अडवण्याची गरज नाही. एकदा भरला की बाष्पीभवन आणि गळती तेवढी भरून काढायची. उंची दुप्पट मिळाली तर पाणी निम्मं पुरतं, म्हणून जागा शोधताना मी आधी डोंगराची उंची आणि दोन जलाशयांतलं आडवं अंतर पाहते, पाणी नंतर.

अडचण काळाची आणि जमिनीखालच्या दगडाची आहे. ऑस्ट्रेलियातला स्नोई २.० हा २,२०० मेगावॅटचा प्रकल्प २०१७ मध्ये २०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा म्हणून जाहीर झाला. बोगदा खणणारं एक यंत्र मऊ भूस्तरात अडकून पडलं, आणि २०२३ मध्ये खर्चाचा अंदाज १,२०० कोटींवर गेला. म्हणून बोगद्याच्या मार्गावर भरपूर बोअर घेतल्याशिवाय किंमत ठरवू नका. बोअरवर वाचवलेला पैसा बोगद्यात जातो.

दुसरी अडचण अर्धवट कामाची. सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या वीजगृहात २०० मेगावॅटचे सहा संच आहेत आणि ते उलटे फिरून पाणी वर चढवू शकतात. पण वर चढवायला खाली पाणी साठलेलं हवं, आणि त्यासाठीचा गरुडेश्वरचा बंधारा कित्येक वर्षं मागे राहिला. तोवर ते संच फक्त निर्मितीचेच राहिले. तुमच्या जुन्या जलविद्युत केंद्रांत असे संच किंवा अशी सोय पडून आहे का, ते नव्या जागेच्या आधी पाहा. खालचा बंधारा बांधणं हे नव्या बोगद्यापेक्षा खूप सोपं काम असतं.

आता पारेषण, ज्याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. साठवण कुठे बसवायची हे जमीन कुठे मिळते यावरून ठरवू नये. मी पाहिलेल्या एका प्रकल्पात बॅटरी सौर पार्कच्या शेजारी बसवली, कारण तिथे मोकळी जागा होती. अडथळा मात्र शहराच्या तोंडाशी असलेल्या ४००/२२० केव्ही उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरचा होता. रोज संध्याकाळी बॅटरी भरलेली, ट्रान्सफॉर्मरही भरलेला, आणि शहरात भारनियमन चालू. तीच बॅटरी त्या उपकेंद्राच्या शहराकडच्या बाजूला असती तर दुपारी ट्रान्सफॉर्मर हलका असताना भरली असती आणि संध्याकाळी त्याचाच भार हलका केला असता.

याउलट, अडथळा सौर पार्कमधून बाहेर पडणाऱ्या वाहिनीचा असेल तर बॅटरी पार्कातच हवी. अशी वाहिनी दुपारचे चार-पाच तास पूर्ण भरते आणि उरलेला वेळ जवळजवळ रिकामी असते. बॅटरी तिला संध्याकाळीही काम देते, आणि दुसरी वाहिनी बांधणं काही वर्षं पुढे ढकलता येतं. कोणता अडथळा आधी येतो हे भारप्रवाहाचा अभ्यास, म्हणजे कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहते याचा हिशेब, सांगतो, तोही दुपारचा आणि संध्याकाळचा वेगवेगळा. मोठ्या ट्रान्सफॉर्मरला सध्या जगभरच दोन ते चार वर्षांची रांग आहे. त्यामुळे उपकेंद्रांची मागणी बॅटरीच्या मागणीच्या आधी नोंदवावी; बॅटरी वर्ष-दीड वर्षात उभी राहते आणि मग जोडणीची वाट पाहत बसते.

तुम्ही विचारलं नाही, पण याच्याशिवाय उत्तर अपुरं राहील, असा मुद्दा जडत्वाचा आहे. औष्णिक आणि जलविद्युत संचांचे जड रोटर फिरत असतात, आणि एखादा संच अचानक बाद झाला की पहिल्या काही क्षणांची तूट त्या फिरण्यातली ऊर्जा भरते. सौर प्रकल्पात फिरणारं काही नसतं. समजा तुमचा विभाग शेजारच्या ग्रिडपासून तुटून एकटा पडला आहे आणि ६६० मेगावॅटचा संच ट्रिप झाला. रात्री १२,००० एमव्हीएचे (एमव्हीए हे संचांची क्षमता मोजण्याचं एकक) संच फिरत असतील, जडत्व स्थिरांक, म्हणजे रोटरमधली फिरती ऊर्जा संचाच्या पूर्ण क्षमतेला पुरेल तेवढे सेकंद, चार असेल, तर फ्रिक्वेन्सी सेकंदाला ०.३४ हर्ट्झने पडू लागेल. दुपारी सौर जोरात असताना ४,००० एमव्हीएचेच संच फिरत असतील तर तीच घटना सेकंदाला एका हर्ट्झहून जास्त वेगाने पाडेल. एका सेकंदात ५० चे ४९. गव्हर्नर, म्हणजे संचांचा वेग सावरणारी यंत्रणा, जागे व्हायच्या आत फीडर तोडणारे रिले चालू लागतील.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. २८ सप्टेंबर २०१६ ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने मनोरे पाडले, व्होल्टेज पुन्हा पुन्हा खचलं, आणि किती खाचा सहन करायच्या याची मर्यादा लावलेल्या पवनचक्क्यांनी ४५० मेगावॅटच्या आसपास उत्पादन सोडलं. तो भार शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर गेला, ती ट्रिप झाली, आणि अख्खं राज्य अंधारात गेलं. ती मर्यादा एका सेटिंगमध्ये होती आणि ग्रिड चालवणाऱ्यांना ती माहीत नव्हती. ९ ऑगस्ट २०१९ ला ब्रिटनमध्ये वीज पडल्यावर समुद्रातलं पवन केंद्र आणि वायू केंद्र जवळजवळ एकाच वेळी सुटलं, फ्रिक्वेन्सी ४८.८ पर्यंत गेली आणि दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगाल काळोखात गेले तेव्हा तर तूट नव्हतीच. व्होल्टेज चढत गेलं आणि एकामागून एक प्रकल्प सुटत गेले.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने नंतर काय केलं ते तुमच्या कामाचं आहे. २०१७ मध्ये हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तासांची बॅटरी बसवली. एवढ्या साठ्यावर राज्याची संध्याकाळ निघत नाही, पण फ्रिक्वेन्सी क्षणात सावरायला ती पुरेशी ठरली. पुढे २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर बसवले, म्हणजे इंधनाशिवाय फिरणारी जड यंत्रं. आता बॅटरीचा इन्व्हर्टरच ग्रिडला आधार देणारा, स्वतः व्होल्टेज उभं करणारा घेता येतो. हे निविदेत पहिल्याच दिवशी लिहिलं तर वाढीव खर्च थोडा येतो. नंतर बदलायला गेलात तर करारापासून चाचण्यांपर्यंत सगळं पुन्हा करावं लागतं.

सुरक्षेबाबत एकच. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग इथे इमारतीच्या आत रचलेल्या बॅटऱ्यांना मोठी आग लागली. उघड्यावर, सुट्या कंटेनरांत, मध्ये अंतर ठेवून आणि लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटऱ्या घ्या. जागा वाचवण्यासाठी हे अंतर कमी करू नका. आजूबाजूच्या वस्तीला आणि अग्निशमन दलाला प्रकल्पाची माहिती आधीच द्या.

तर तुमच्या जागी मी काय करेन? आधी तळाचा थर मागणीकडून कापून पाहीन. सिंचनाचे पंप, पाणीपुरवठ्याचे पंप, शीतगृहं, गाड्यांचं चार्जिंग यांतलं जे दुपारी सरकवता येईल ते सरकवीन. ३०० मेगावॅट नाही तरी १५०-२०० मेगावॅट यातून बहुतेक ग्रिडवर निघतात, आणि दुपारची वाया जाणारी सौर वीजही कामी येते. वरच्या दोन थरांसाठी, म्हणजे ६०० मेगावॅटसाठी, चार तासांची बॅटरी शहराजवळच्या अडलेल्या उपकेंद्रांवर विभागून लगेच घेईन. थरांचा हिशेब दोन तासांचाच निघतो. उरलेला साठा घट, अंदाजातली चूक आणि पुढच्या दोन वर्षांची मागणीवाढ यांच्यासाठी. तिसऱ्या थरापुरता दोन-तीन वर्षं शेजारच्या ग्रिडशी संध्याकाळच्या विजेचा करार करीन, शक्यतो अशा प्रदेशाशी जिथे सूर्य उशिरा मावळतो किंवा जलविद्युत भरपूर आहे. पंप्ड स्टोरेजचं भूगर्भ सर्वेक्षण त्याच महिन्यात सुरू करीन, कारण ते सात-आठ वर्षांनी हाती येईल आणि तोवर तळाचा थर आजच्यापेक्षा पुष्कळ जाड झालेला असेल. जुन्या संचांचा किमान भार खाली आणीन. नवं कोळशाचं केंद्र या तुटीसाठी घेणार नाही.

हे सगळं मी धरलेल्या आकारावर आहे. तुमच्याकडे मागणी, सौर आणि पवन यांची गेल्या तीन वर्षांची दर १५ मिनिटांची नोंद असेलच. त्यातून सर्वांत वाईट वीस संध्याकाळी निवडा, आणि सलग तीन दिवस ऊन-वारा दोन्ही कमी पडलेले सर्वांत वाईट आठवडेही वेगळे काढा. प्रत्येक संध्याकाळ वर दाखवली तशी ३००-३०० मेगावॅटच्या थरांत कापा आणि थरागणिक तास लिहा. तळाचा थर पाच तासांच्या आत राहिला तर बॅटरीचा वाटा वाढवता येईल. सहा-सात तासांवर गेला तर पंप्ड स्टोरेजचं सर्वेक्षण आणखी एक दिवसही थांबवू नका.